पेटीवाल्याचा डावा हात: एका सोलो पियानो अल्बमच्या नोंदी

१२ जुलै २०२४, फोंडा

आजपासून नोंदी. ठरलंय ते एवढंच: एकट्याचा पियानो, सगळं जागच्या जागी सुचलेलं, आधी लिहून ठेवलेला एकही स्वर नाही. चाळीसेक मिनिटांचा अल्बम. सोबत बास नाही, ड्रम नाहीत, गायिका नाही.

सकाळी दीड तास वाजवलं आणि फोनवर टिपलं. जेवण झाल्यावर ऐकलं. वाजवणं वाईट नाही. पण ऐकताना सारखं वाटत राहिलं की या मैफलीतून कुणीतरी नुकतंच उठून गेलंय. डावा हात कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) धरतो आणि थांबून राहतो. चौदा वर्षं मी हॉटेलांत, लग्नांत, मांडोच्या (गोव्यातल्या कोंकणी गीतांच्या) कार्यक्रमांत गाणाऱ्यांच्या मागे वाजवत आलो. हाताला वाट बघायची सवय लागली आहे.

याला एक तांत्रिक कारणही आहे. बँडमध्ये कॉर्डचा मूळ स्वर बासवाल्याचा असतो, म्हणून पियानोवाला तो सोडतो आणि तिसरा, सातवा, नववा एवढेच धरतो. जॅझ पियानिस्ट बिल एव्हान्सनं ही चाल रुळवली आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांचा डावा हात त्यातूनच घडला. बासवाला असताना हा हात हलका आणि सुंदर वाटतो. तो नसला की खालचा मजला काढून घेतलेल्या माडीसारखी गत होते.

१९ जुलै

आठवडाभर स्ट्राइड. १९२०च्या दशकातल्या हार्लेमच्या पियानोवाल्यांनी एकट्यानं अख्खा बँड उभा करण्यासाठी काढलेली ही रीत: डावा हात खाली खोल स्वर मारतो, लगेच उडी मारून मधल्या सप्तकात कॉर्ड, परत खाली. जेम्स पी. जॉन्सननं १९२१ साली केलेलं ‘कॅरोलायना शाउट’चं रेकॉर्डिंग लावून त्याच्या मागे मागे वाजवलं. मनगट दुखतं, पण जमतं. मग दुसरी रीत, जॅझ पियानिस्ट कीथ जॅरेटची: डाव्या हातात स्वरांचा एकच छोटा घाट घोळवत ठेवायचा आणि उजव्याला मोकळं सोडायचं.

दोन्ही रीतींनी खालचा मजला मिळतो. पण वाजवून झालं की ते दुसऱ्याचं घर वाटतं. मला तिथे राहायला जायचं नाही.

रात्री टेडी वेदरफोर्ड ऐकला. शिकागोचा हा कृष्णवर्णीय पियानिस्ट शांघायमार्गे मुंबईच्या ताजमध्ये आला आणि १९४५ मध्ये कोलकात्याला कॉलऱ्यानं गेला. आयुष्य गेलं नाचाच्या बँडमध्ये. पण १९३७ मध्ये पॅरिसला त्यानं एकट्यानं काही रेकॉर्डिंग केली. ती ऐकताना मी पूर्ण वेळ त्याच्या डाव्या हाताकडेच कान लावून होतो.

त्याच मुंबईत आमची माणसं वाजवत होती. हळदोण्याचे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा. चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरांची नावं घेत गाण्याची पाश्चात्त्य रीत) शिकून गेलेल्या या मंडळींनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाला हार्मनी दिली, स्वरलेखन दिलं. गाणं घराघरांत पोचलं, यांची नावं मात्र ऐकणाऱ्यांना क्वचितच कळली. गोन्साल्विस यांचं नाव देशभर झालं तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ते एका गाण्यात गुंफलं म्हणून. मला हे पूर्वी खटकायचं. आता वाटतं, साथ ही त्यांची विद्या होती आणि ती मोठी विद्या होती. मी ती कमीपणाची समजून टाकून द्यायला निघालोय का, हा प्रश्न आज रात्री पडला.

३ ऑगस्ट

काही नाही. पाऊस. माझ्या घरच्या अपराइट (उभ्या) पियानोच्या तीन चाव्या दाबल्या की वर येत नाहीत.

१२ ऑगस्ट

काल आणि परवा वास्कोत होतो, दामोदराच्या सप्ताहाला. चोवीस तास अखंड भजन, एक मंडळ उठलं की दुसरं बसतं, सूर तुटू द्यायचा नाही. बाबांच्या मंडळाची पाळी पहाटे तीनच्या सुमाराला आली. बाबा पेटीवर. वय एकाहत्तर, डाव्या हाताची दोन बोटं आखडतात, तरी भाता त्यांच्याच हातात.

लहानपणापासून हे शेकडो वेळा ऐकलंय. काल पहिल्यांदा फक्त पेटीच ऐकली. अगदी जवळ, बाबांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेल एवढ्या अंतरावर बसलो आणि फोन मांडीवर ठेवून टिपून घेतलं.

काय दिसलं ते सविस्तर लिहून ठेवतो. गायक आलापी करतो तेव्हा बाबा त्याच्या मागे असतात, अर्धं पाऊल. स्वर त्याच्या तोंडून निघतो, मग पेटीतून. दोन ओळींच्या मधे तो श्वास घ्यायला थांबला की बाबा त्याच्या ओळीची फक्त शेपटी, शेवटचे तीन-चार स्वर, परत म्हणतात. पूर्ण ओळ कधीच नाही. आणि तान सुरू झाली की बाबा तिच्यामागे धावत नाहीत. ती कुठे उतरणार हे ओळखून तिथे आधीच जाऊन उभे राहतात. तान येते तेव्हा तो स्वर पेटीवर धरलेला असतो. म्हणजे साथीदार नेहमी मागेच असतो हे खरं नाही. तो मागे असतो आणि योग्य वेळी पुढे असतो.

सकाळी चहाच्या गाड्यावर मी विचारलं, “बाबा, तान कुठे उतरणार ते कसं कळतं?”

“त्याचा श्वास बघायचा,” ते म्हणाले. “श्वास संपत आला की माणूस घराकडे वळतो. आणखी काय?”

घरी येऊन पियानोवर बसलो. उजवा हात गाणारा, डावा हात पेटीवाला. दहा मिनिटांत सगळं कोसळलं. पण कोसळण्याआधीची चार-पाच मिनिटं माझी होती.

२० ऑगस्ट

अडचण कळली. पेटीचा स्वर भाता चालेल तोवर जगतो, पियानोचा स्वर वाजताक्षणी मरायला लागतो. वरच्या सप्तकातला दोन-तीन सेकंदांत संपतो, खर्जातला पंधरा सेकंदांहून जास्त रेंगाळतो. बाबा गायकाच्या जिवंत स्वराला टेकून वाजवतात. माझा उजवा हात जो स्वर सोडतो तो डावा हात पोचेपर्यंत अर्धा विरलेला असतो. तेव्हा मागे राहायचं ते किती, हे लयीवर नाही, स्वर किती वेळ टिकतो त्यावर ठरवायला हवं. वर वाजवलं तर डाव्यानं लवकर यायचं, खाली वाजवलं तर सावकाश.

आज यासाठी एकच अभ्यास केला. पट्टी डी मायनर. उजव्यानं पाच स्वरांची ओळ म्हणायची, शेवटचा स्वर दाबून धरायचा, तो इतका विरू द्यायचा की खोलीतला पंखा त्याच्याहून मोठा ऐकू यावा, आणि त्या क्षणी डाव्यानं शेपटी म्हणायची. दोन तास. पंखा बंद केला नाही कारण तोच माझं माप होता.

एक जुनी गोष्ट आठवली. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली होती, कारण तिचे स्वर ठरलेले, तिच्यातून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) निघत नाही. हाच आक्षेप पियानोलाही लागू आहे. तरी आमच्या बोरीचे तुळशीदास बोरकर पेटीवर मींड ऐकवायचे. स्वरांच्या मधली वाट पेटीत नसते, पण कण (मुख्य स्वराला हलकेच चिकटणारा शेजारचा स्वर) अशा वजनानं लावायचे की ऐकणाऱ्याचा कान ती वाट स्वतःच चालून जातो. बाबांनी त्यांना ऐकून ऐकून तेवढी एक गोष्ट उचलली. मी बाबांना ऐकून उचलतो आहे.

९ सप्टेंबर

चतुर्थीचे दिवस. वाड्यावर रात्रभर घुमट आरत्या. शेजारच्या मुलाच्या घुमटाकडे बघत बसलो. मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं, दुसरं तोंड उघडं आणि लहान. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं. उजवा हात कातड्यावर थाप देतो. डाव्या हाताचा तळवा मागच्या लहान तोंडावर उघडझाप करतो आणि घुमारा रुंद होतो, आवळतो, खाली जातो. डावा हात एकही ठोका मारत नाही, आतल्या हवेला आकार देतो.

पियानोला हे काम पाय करतो. पॅडल पूर्ण दाबायचं नाही, अर्धं, पाव. परत घरी आल्यावर झोप नाही आली.

२१ ऑक्टोबर, दिवाडी

रेकॉर्डिंगची जागा ठरली. दिवाडी बेटावर एका मित्राच्या मावशीचं जुनं घर आहे. उंच छत, जाड भिंती, शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या, मागे खाजन (नदीकाठची बांध घातलेली) शेतं. हॉलमध्ये जर्मन बेबी ग्रँड (छोटा आडवा पियानो), तिच्या आजोबांनी आणलेला. आंटीनं चहा दिला आणि झाकण उघडून म्हणाली, “वाजय रे, रावूं नाका.” वाजव, थांबू नकोस. दहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

अवस्था अशी: मधल्या सप्तकात सहा चाव्या अडकतात, वरच्या तारांवर गंज, एक हातोडी शेजारच्या तारेला घासते. आवाज मात्र आतून येतो. पहिला खर्ज दाबला आणि तो विरेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

मडगावहून ट्यूनर काकांना घेऊन आलो होतो. त्यांचं काम शेजारी बसून बघितलं. अडकलेली चावी त्यांनी उचलून बाहेर काढली. लाकडात एक लांबट भोक आणि भोकाच्या दोन्ही कडांना लाल बनातीचा पातळ पट्टा. पावसाळ्यात ती बनात आणि लाकूड दमट हवा पितं, फुगतं आणि खालच्या पिनेला आवळून धरतं. काकांनी खास पकडीनं ती बनात दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली, चावी परत बसवली, बोटानं टकटक केलं. चावी आपोआप वर आली. “जास्त दाबलं तर खुळखुळते, मग आयुष्यभर खुळखुळते,” एवढंच बोलले आणि पुढची घेतली. सहा चाव्यांना सव्वा तास.

ट्यूनिंग आज करायला त्यांनी नकार दिला. पियानोच्या सव्वादोनशेच्या वर तारा मिळून अठरा-वीस टनांचा ताण धरतात. पावसानं साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगून सूर वर चढलेला असतो, हवा कोरडी होत गेली की तो परत खाली उतरणार. आत्ता लावलं तर महिन्यात सगळं वाकडं. डिसेंबरात एकदा, जानेवारीत रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी परत. मी डिसेंबरची तारीख धरून बसलो होतो, ती सोडली.

२६ नोव्हेंबर

तसंही डिसेंबर जमलं नसतं. जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) शवप्रदर्शन २१ तारखेला सुरू झालंय, दहा वर्षांनी येतं, ५ जानेवारीपर्यंत चालणार. फेरीबोटीच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. लाउडस्पीकरवरच्या प्रार्थना नदी ओलांडून आंटीच्या हॉलपर्यंत येतात. माणसं श्रद्धेनं येतात, रस्ता त्यांचा आहे. मी जानेवारीची वाट बघतो.

मधल्या काळात एक वही केली. रोज वाजवलेलं ऐकायचं आणि हाताच्या ठरलेल्या वळणांची नोंद करायची. ऑक्टोबरपासून सत्तावन्न वळणं सापडली. त्यातली अकरा जवळजवळ रोज येतात. एक तर हॉटेलात ग्राहक बिल मागायचे तेव्हा गाणं गुंडाळायला वाजवायचो तेच आहे. ते सापडलं तेव्हा वाईट वाटलं. ती वळणं मारून टाकायची नाहीत असं ठरवलंय. फक्त कुठलं वळण येतंय हे ते यायच्या आधी कळलं पाहिजे. कळलं की हात आपोआप दुसरीकडे बघतो.

२३ जानेवारी २०२५, दिवाडी

ट्यूनर काका सकाळी आठ ते दुपारी एक. मधल्या आणि वरच्या प्रत्येक स्वराला तीन तारा. दोघींना नमद्याच्या पट्टीनं गप्प करून एक लावायची, मग दुसरी मोकळी करून तिच्याशी जुळवायची. दोन तारा थोड्या वेगळ्या असतील तर आवाजात लहर येते, वाँव वाँव. ती लहर लांबत लांबत जाते आणि एका क्षणी थांबते. त्या थांबण्याला काका मान हलवतात.

रेकॉर्डिस्ट पोरगा पणजीहून संध्याकाळी आला. दोन मायक्रोफोन, झाकणापासून दीड मीटर. वीजजोडणीतून पन्नास हर्ट्झची गुणगुण येत होती म्हणून सगळं बॅटरीवर. आंटीचा फ्रिज बंद केला, त्यातले मासे शेजारी नेऊन ठेवले. रात्री नऊनंतर वाजवायचं ठरलं.

२४ जानेवारी, रात्री दोन

आज बरोबर पन्नास वर्षं झाली. १९७५ साली याच रात्री साडेअकराला कीथ जॅरेट जर्मनीतल्या कलोनच्या ऑपेरा हाउसमध्ये एकटा पियानोवर बसला. कार्यक्रम ठरवणारी मुलगी, व्हेरा ब्रँडेस, अठरा वर्षांची. मंचावर चुकीचा पियानो आणून ठेवलेला, लहान, बेसूर, वरचे स्वर पातळ, खर्ज अशक्त, पॅडल नीट चालत नव्हती. तो मधल्या सप्तकांत राहिला आणि डाव्या हाताच्या घोळत्या घाटांनी खर्जाची उणीव भरून काढली. चौदाशे माणसं ऐकत होती. २०१८ मध्ये त्याला दोनदा पक्षाघात झाला आणि तोच डावा हात गेला. हे मला रात्रभर आठवत होतं. तारीख मुद्दाम निवडलेली नव्हती, काकांना हाच आठवडा मोकळा होता.

सहा तुकडे वाजवले. पहिले दोन टाकाऊ, मला माझंच ऐकू येत होतं. तिसरा चालू असताना नऊ-दहा मिनिटांच्या आसपास उजव्या हातानं वरच्या सप्तकात एक लांब ओळ घेतली आणि ती कुठे उतरणार मलाच ठाऊक नव्हतं. डावा हात आधीच खालच्या सी शार्प या स्वरावर जाऊन थांबला होता. मी ते ठरवलं नव्हतं. ओळ त्याच्यावर येऊन उतरली. तो स्वर विरेपर्यंत मी हात उचलले नाहीत. बाहेर खाजनातून एक टिटवी ओरडली, तीही त्यात आहे.

पोरगा हेडफोन काढून म्हणाला, “दादा, तुमचा श्वास येतोय. प्रत्येक ओळीच्या आधी. मायक्रोफोन थोडे लांब घेऊ?”

घेऊ नकोस म्हटलं.

२५ जानेवारी

आणखी पाच तुकडे. अंगात थकवा. एक चांगला, नऊ मिनिटांचा, सगळा खर्जात.

९ फेब्रुवारी, फोंडा

पंधरा दिवस काही ऐकलं नाही, मुद्दाम. आज अकराही तुकडे सलग ऐकले. पाच ठेवण्यासारखे, एकूण बेचाळीस मिनिटं. वही समोर होती: अकरा सवयींपैकी चार दिसल्या. त्यातली एक पाचव्यात दोनदा येते आणि दुसऱ्यांदा अर्ध्यात वळून जाते. ते वळून जाणं ऐकताना मला फार बरं वाटलं.

श्वासाबद्दल: पोरानं दोन तुकड्यांतून तो जवळजवळ पुसून दाखवला. पुसल्यावर डावा हात अचानक निराधार ऐकू येतो. तो कशाला बघून येतोय हेच कळत नाही. श्वास परत घातला.

१६ फेब्रुवारी

बाबांना ऐकवलं. जॅझ त्यांनी कधी आवडीनं ऐकलेलं नाही, माझ्यासाठी हॉटेलात दोनदा येऊन बसले होते तेवढंच. झोपाळ्यावर डोळे मिटून सगळी बेचाळीस मिनिटं ऐकली. तिसऱ्या तुकड्यात त्या सी शार्पच्या जागी त्यांची बोटं झोपाळ्याच्या कडीवर हलली.

संपल्यावर म्हणाले, “गाणारा बरा आहे. पेटीवाला चौथ्यात पुढे पुढे करतो. त्याला सांग, गाणं त्याचं नाही.”

परत ऐकलं. बरोबर आहे. चौथ्यात डावा हात प्रत्येक शेपटी पूर्ण म्हणतो, जागाच सोडत नाही. दोन मायक्रोफोनवरचं रेकॉर्डिंग, डावा वेगळा खाली करता येत नाही. चौथा काढला. त्याच्या जागी २५ तारखेचा खर्जातला नऊ मिनिटांचा घातला, जो मी अंधारा वाटतो म्हणून बाजूला ठेवला होता. आता एकूण त्रेचाळीस मिनिटं.

४ एप्रिल

मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, झालं. आवाज फार वर चढवू नका असं सांगितलं होतं, ऐकलं त्यांनी. विरत जाणारे स्वर शेवटपर्यंत ऐकू येतात. तिसरा तुकडा ११ मिनिटं ४० सेकंद. शेवटच्याच्या अखेरीस आंटी पियानोचं झाकण लावते तो आवाज आहे, ठेवला.

बाबांची बोटं या महिन्यात जास्तच आखडली आहेत. रामनवमीला म्हार्दोळला मंडळाचं भजन आहे. पेटीवर मी बसावं असं त्यांनी काल सांगितलं. आजपासून रोज संध्याकाळी भाता मारायला बसतोय, डाव्या हातानं.